कर्तन द्रव म्हणून वनस्पती तेलांचा वापर

धातूच्या यंत्रणकामात, म्हणजेच कातणे, भोक पाडणे, आटे पाडणे, चक्रीकर्तन व घासणी या क्रियांत, हत्यार व कार्यखंड यांच्यामध्ये सोडल्या जाणाऱ्या द्रवाला कर्तन द्रव असे म्हणतात. कारखान्यांत तो 'कूलंट' किंवा 'कटिंग ऑइल' या नावाने ओळखला जातो. सध्या वापरात असलेले बहुतेक कर्तन द्रव खनिज तेलापासून बनवलेले असतात. त्यांच्याऐवजी एरंड, नारळ, करंज, मोहरी, सोयाबीन, सूर्यफूल इत्यादींची तेले किंवा त्या तेलांपासून तयार केलेली एस्टरे वापरण्याच्या पद्धतीचा या लेखात विचार केला आहे. वनस्पती तेलांची वंगणशक्ती चांगली असते, ती सहज पेट घेत नाहीत व निसर्गात लवकर विघटित होतात. याउलट ती हवेतील ऑक्सिजनमुळे खराब होतात, त्यांवर जीवाणू वाढतात आणि पाण्याच्या तुलनेत ती उष्णता कमी वाहून नेतात. लहान अभियांत्रिकी कारखाने, शेती व उथळ भूजल एकमेकांलगत असलेल्या वसई-विरारसारख्या भागात या विषयाला कामगारांचे आरोग्य व पाण्याची शुद्धता यांमुळे विशेष महत्त्व आहे.

## कर्तन द्रवाचे कार्य

धातू कापताना खर्च होणारी बहुतेक यांत्रिक ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता मुख्यतः दोन ठिकाणी निर्माण होते. पहिले ठिकाण म्हणजे हत्याराच्या धारेपुढे धातू जेथे कातरला जातो तो पट्टा, आणि दुसरे म्हणजे सुटलेला कीस हत्याराच्या पृष्ठभागावर जेथे घासत पुढे सरकतो तो भाग. कार्बाइड हत्याराने पोलाद वेगाने कातताना या दुसऱ्या ठिकाणचे तापमान ७००° से.च्याही वर जाऊ शकते. उष्णतेचा मोठा वाटा किसाबरोबर निघून जातो, परंतु उरलेल्या उष्णतेमुळे हत्यार मऊ पडते, त्याची धार झिजते व कार्यखंड प्रसरण पावून मापात फरक पडतो.

कर्तन द्रवाकडून चार कामांची अपेक्षा असते : (१) उष्णता वाहून नेणे, (२) हत्यार, कीस व कार्यखंड यांमधील घर्षण कमी करणे, (३) कीस धुऊन बाजूला सारणे आणि (४) नुकत्याच कापलेल्या उघड्या पृष्ठभागाचे गंजापासून रक्षण करणे. एकच द्रव ही चारही कामे सारख्याच क्षमतेने करू शकत नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४.२ किलोज्यूल प्रति किग्रॅ. प्रति अंश असते, तर तेलांची साधारणपणे २ असते. पाण्याची उष्णतावाहकताही तेलाच्या तीन ते चार पट असते. त्यामुळे थंड करण्याच्या कामी पाणी श्रेष्ठ ठरते, परंतु ते वंगण म्हणून निरुपयोगी असते व त्यामुळे पोलाद गंजते. तेलाचे गुण याच्या उलट आहेत. यामुळेच जलद गतीच्या कामात पाणी व तेल यांचे पायस वापरतात आणि आटे पाडणे, ब्रोचिंग, खोल भोक पाडणे यांसारख्या मंद गतीच्या व जास्त दाबाच्या कामात निर्जल तेल वापरतात.

## इतिहास

खनिज तेल मुबलक मिळू लागण्यापूर्वी वंगणासाठी प्राणिज चरबी व वनस्पती तेले हेच पर्याय उपलब्ध होते. यूरोप व अमेरिकेतील कारखान्यांत डुकराच्या चरबीचे तेल, देवमाशाचे तेल व रेपसीड तेल वापरले जात असे. १८५९ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात एडविन ड्रेक यांनी खोदलेल्या विहिरीतून तेल निघाले व त्यानंतर स्वस्त खनिज तेलाचा प्रसार झाला.

कर्तन द्रवाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या आरंभीच्या अभियंत्यांत फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १८८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत हत्याराच्या टोकावर पाण्याचा मोठा झोत सोडल्यास कर्तनवेग ३० ते ४० टक्क्यांनी वाढवता येतो असे आढळले. पोलाद गंजू नये म्हणून ते पाण्यात धुण्याचा सोडा मिसळत. हे निष्कर्ष त्यांनी १९०६ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ मेकॅनिकल एंजिनिअर्स या संस्थेपुढे मांडले.

तेलातील वसाम्लांमुळे घर्षण का कमी होते याचा उलगडा इंग्लंडमधील विल्यम हार्डी व आयडा डबलडे यांच्या संशोधनातून होऊ लागला. १९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात, धातूच्या पृष्ठभागावर चिकटलेला रेणूंचा अतिशय पातळ थरही घर्षण घटवतो व रेणूची साखळी जितकी लांब तितके घर्षण कमी होते, असे दाखवून दिले होते. पुढे खनिज तेलात गंधक, क्लोरीन व फॉस्फरस यांची संयुगे मिसळून अतिदाबाखाली टिकणारी कर्तन तेले तयार करण्यात आली, आणि वनस्पती व प्राणिज तेले मुख्य द्रवाऐवजी थोड्या प्रमाणात मिसळण्याचे पूरक घटक म्हणून उरली.

एरंडेलाचा वंगणाशी असलेला संबंध एका प्रसिद्ध व्यापारी नावात टिकून आहे. चार्ल्स वेकफिल्ड यांनी १८९९ मध्ये लंडनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीच्या एंजिन तेलात एरंडेल मिसळलेले असे. एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच 'कॅस्ट्रॉल' हे नाव पडले.

१९७० च्या दशकापासून खनिज तेलाच्या वाढत्या किमती, कामगारांचे त्वचारोग व सांडपाण्याचे प्रश्न यांमुळे वनस्पती तेलांकडे पुन्हा लक्ष वळले. कर्तन तेलांत वापरल्या जाणाऱ्या आखूड साखळीच्या क्लोरिनयुक्त पॅराफिनांचा २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत समावेश झाल्यानंतर पर्यायी द्रवांची गरज अधिक तीव्र झाली.

## रासायनिक रचना

वनस्पती तेल हे मुख्यतः ट्रायग्लिसराइडांचे मिश्रण असते. ट्रायग्लिसराइडाच्या रेणूत ग्लिसरीनचा एक कणा असून त्याला वसाम्लांच्या तीन लांब साखळ्या जोडलेल्या असतात. या साखळ्यांत साधारणपणे १२ ते २२ कार्बन अणू असतात. साखळीत दुहेरी बंध नसेल तर ते वसाम्ल संपृक्त आणि असेल तर असंपृक्त म्हटले जाते. कर्तन द्रव म्हणून एखाद्या तेलाचे गुणदोष प्रामुख्याने या दुहेरी बंधांच्या संख्येवर अवलंबून असतात.

असंपृक्ततेचे मोजमाप आयोडीन मूल्याने करतात. खोबरेल तेलाचे आयोडीन मूल्य सुमारे ६ ते ११, एरंडेलाचे ८० ते ९०, सोयाबीन व सूर्यफूल तेलांचे साधारणतः १२० ते १४० आणि जवसाच्या तेलाचे १७० च्या वर असते. मूल्य कमी असल्यास तेल दीर्घकाळ टिकते, परंतु थंडीत लवकर गोठते. मूल्य जास्त असल्यास तेल थंडीतही प्रवाही राहते, परंतु हवेत उघडे राहिल्यावर दाट होऊन चिकट पापुद्रा धरते. जवसाचे तेल रंग व रोगणांत वापरतात ते याच गुणामुळे, आणि याच गुणामुळे ते कर्तन द्रव म्हणून गैरसोयीचे ठरते.

## वंगणाची क्रिया

खनिज तेलाचे रेणू हायड्रोकार्बनांचे असून ते अध्रुवीय असतात. ते धातूच्या पृष्ठभागाला केवळ ओले करतात. वनस्पती तेलाच्या रेणूतील ऑक्सिजनयुक्त एस्टर गट मात्र ध्रुवीय असतो. हा ध्रुवीय भाग धातूकडे ओढला जातो व लांब साखळ्या पृष्ठभागापासून बाहेरच्या दिशेला उभ्या राहतात. अशा शेजारी शेजारी उभ्या असलेल्या साखळ्यांचा दाट थर दोन धातूंना एकमेकांना थेट भिडू देत नाही. तेलातील मुक्त वसाम्लांची धातूशी अभिक्रिया होऊन धात्वीय साबणाचा पातळ थरही तयार होतो. या प्रकाराला सीमावर्ती वंगण म्हणतात.

या थराला तापमानाची मर्यादा असते. साधारणपणे १५०° ते २००° से.च्या पुढे हा थर वितळतो किंवा पृष्ठभागापासून सुटतो. त्याहून अधिक तापमानावर गंधक किंवा फॉस्फरस यांची संयुगे धातूशी अभिक्रिया करून जो थर निर्माण करतात त्याचीच मदत होते. म्हणूनच मंद गतीने आटे पाडताना निव्वळ वनस्पती तेल उत्तम काम देते, तर कठीण पोलाद वेगाने कातताना त्यात पूरके मिसळावी लागतात.

वनस्पती तेलांचे आणखी दोन भौतिक गुण उपयुक्त आहेत. पहिला, तापमान वाढले तरी बहुतेक वनस्पती तेलांची श्यानता तुलनेने कमी घटते. त्यांचा श्यानता निर्देशांक २०० च्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, तर सामान्य खनिज तेलांचा तो १०० च्या जवळपास असतो. दुसरा गुण म्हणजे त्यांचा प्रज्वलनांक. बहुतेक वनस्पती तेलांचा प्रज्वलनांक ३००° से.च्या आसपास असतो, तर कर्तनासाठी वापरल्या जाणाऱ्या पातळ खनिज तेलांचा साधारणपणे १५०° ते २००° से. इतका असतो. त्यामुळे धूर व आगीचा धोका कमी होतो.

## प्रमुख तेले

* एरंडेल : यातील वसाम्लांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक अम्ल असते. या अम्लाच्या साखळीवर एक जादा हायड्रॉक्सिल गट असल्याने तेल धातूला घट्ट चिकटते. ४०° से.ला याची श्यानता सुमारे २५० चौ. मिमी. प्रति सेकंद असते, म्हणजे इतर सामान्य वनस्पती तेलांच्या सहा ते आठ पट. निव्वळ एरंडेल इतके दाट असते की पंपाने ते खेळवणे अवघड जाते, म्हणून ते पातळ तेलात मिसळून किंवा रासायनिक बदल करून वापरतात. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिल्या क्रमांकावर असून त्यात गुजरातचा वाटा सर्वांत मोठा आहे. ते खाद्यतेल नसल्याने स्वयंपाकघराशी त्याची स्पर्धा होत नाही.
* खोबरेल तेल : यात लॉरिक अम्लाचे प्रमाण मोठे असते व दुहेरी बंध फार कमी असतात. त्यामुळे ते सहजासहजी दाट किंवा चिकट होत नाही. मात्र सुमारे २४° से.च्या खाली ते गोठते. हिवाळ्यात घरातील खोबरेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते, त्याच कारणाने यंत्राच्या नळ्याही तुंबू शकतात.
* करंज तेल : कोकणच्या किनाऱ्यावर व नदीकाठी करंजाची झाडे आढळतात. बियांतून निघणारे तेल कडू व अखाद्य असून पूर्वी ते दिवाबत्तीसाठी व औषधासाठी वापरले जाई. त्यात ओलेइक अम्लाचे प्रमाण सर्वाधिक असते, त्यामुळे टिकाऊपणा व प्रवाहीपणा यांचा समतोल साधला जातो. बिया गोळा करण्याची संघटित व्यवस्था व तेलाचा एकसारखा दर्जा या त्याच्या अडचणी आहेत.
* रेपसीड व मोहरी : यूरोपातील जैवविघटनशील वंगणांसाठी रेपसीड तेल मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. ओलेइक अम्ल अधिक असलेल्या त्याच्या सुधारित वाणांचे तेल जास्त टिकाऊ असते.
* सोयाबीन व सूर्यफूल : ही तेले सहज उपलब्ध असतात, परंतु त्यांतील लिनोलेइक अम्लामुळे ती लवकर खराब होतात. रासायनिक प्रक्रिया केल्याशिवाय ती दीर्घकाळ टाकीत ठेवण्यास योग्य नसतात.

तळणासाठी वापरून झालेले तेल थेट कर्तन द्रव म्हणून वापरणे योग्य नसते. वारंवार तापवल्यामुळे त्यात मुक्त अम्ले व दाट बहुवारिके तयार झालेली असतात, शिवाय पाणी व अन्नकण मिसळलेले असतात. तांब्याच्या मिश्रधातूंवर अशा अम्लयुक्त तेलाचे हिरवट डाग पडू शकतात.

## वापरण्याच्या पद्धती

निर्जल तेल : तेल पाण्यात न मिसळता तसेच वापरले जाते. हाताने आटे पाडताना ब्रशने किंवा तेलाच्या कुपीने सोडलेले काही थेंबही पुरेसे होतात. स्टेनलेस स्टीलसारखे चिवट धातू कापताना हत्याराच्या धारेवर धातूचा थर साचतो व पृष्ठभाग खरबरीत होतो. वंगणशक्ती जास्त असलेल्या तेलाने हा दोष कमी होतो.

पायस : तेलात पायसीकारक मिसळून ते सुमारे ३ ते १० टक्के प्रमाणात पाण्यात घातले की दुधासारखा पांढरा द्रव तयार होतो. मिसळताना पाण्यात तेल घालावे लागते. तेलात पाणी ओतल्यास उलट प्रकारचे, दाट व अस्थिर पायस तयार होते. पायसाचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटर या लहान उपकरणाने मोजतात आणि त्याचा सामू साधारणपणे ८.५ ते ९.५ च्या दरम्यान राखतात. सामू घसरू लागणे हे जीवाणूंच्या वाढीचे आरंभीचे लक्षण असते.

अल्पतम मात्रेचे वंगण : या पद्धतीत दाबाखालील हवेच्या झोताबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब नेमके धारेवर सोडतात. ताशी सुमारे १० ते १०० मिलि. इतकेच तेल लागते, तर नेहमीच्या पद्धतीत मिनिटाला काही लिटर द्रव खेळवावा लागतो. ताशी ५० मिलि. दराने आठ तासांच्या पाळीत ४०० मिलि. तेल खर्च होईल. त्याउलट १०० लिटरच्या टाकीत ५ टक्क्यांचे पायस भरायचे झाल्यास सुरुवातीलाच ५ लिटर तेल लागते आणि शेवटी १०० लिटर दूषित द्रवाची विल्हेवाट लावावी लागते. अल्पतम मात्रेच्या पद्धतीत तेल साठून राहत नसल्याने ते खराब होण्याचा प्रश्न उरत नाही. म्हणून ही पद्धत वनस्पती तेलांना विशेष मानवते. मात्र तिच्यात कीस धुतला जात नाही, थंडावा कमी मिळतो आणि तेलाचे तुषार हवेत मिसळू नयेत म्हणून शोषण पंख्याची व्यवस्था करावी लागते.

## मर्यादा व उपाय

ऑक्सिडीकरण ही वनस्पती तेलांची सर्वांत मोठी उणीव आहे. दुहेरी बंधांजवळील कार्बनावर ऑक्सिजनाची अभिक्रिया होते, तेल खवट होते व कालांतराने यंत्राच्या सरकत्या भागांवर डिंकासारखा थर बसतो. तापमान जास्त असल्यास व लोखंड किंवा तांब्याचे सूक्ष्म कण तेलात असल्यास ही क्रिया वेगाने होते. यंत्रशाळेत या दोन्ही गोष्टी हमखास असतात. यावर प्रतिऑक्सिडीकारके मिसळणे, ओलेइक अम्ल अधिक असलेले वाण निवडणे, दुहेरी बंधांचे इपॉक्सिडीकरण करणे, किंवा ग्लिसरीनचा कणा काढून त्याजागी ट्रायमिथिलॉलप्रोपेनसारखे अधिक स्थिर अल्कोहॉल बसवणे हे उपाय आहेत. बाजारात 'वनस्पतिजन्य' म्हणून मिळणारी अनेक कर्तन तेले प्रत्यक्षात अशी रूपांतरित एस्टरे असतात.

जलीय विच्छेदन ही दुसरी उणीव आहे. पायसात तेलाचा पाण्याशी सतत संपर्क येतो. त्यामुळे एस्टर गट तुटून मुक्त अम्ले तयार होतात व सामू घसरतो. जीवाणूंना असे पायस खाद्यच ठरते. यंत्रे बंद असताना पृष्ठभागावर तेलाची साय धरते, खाली ऑक्सिजन पोहोचत नाही व गंधकयुक्त दुर्गंधी निर्माण करणारे जीवाणू वाढतात. साप्ताहिक सुट्टीनंतर यंत्र सुरू करताना येणारा कुजका वास याचमुळे असतो. वर तरंगणारे तेल काढून टाकणे, कीस साचू न देणे व सुट्टीतही द्रवात थोडा वेळ हवा खेळवणे या साध्या उपायांनी पायसाचे आयुष्य वाढते.

आगीच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक असते. असंपृक्त वनस्पती तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग ऑक्सिडीकरणाच्या उष्णतेने आपोआप तापून पेट घेऊ शकतो. म्हणून अशा चिंध्या झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवून वेळच्या वेळी काढून टाकाव्या लागतात.

## कामगारांचे आरोग्य

अशुद्ध किंवा अल्प प्रक्रिया केलेली खनिज तेले मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वर्गीकृत केले आहे. लँकाशायरच्या सूतगिरण्यांतील कामगारांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झालेला त्वचेचा कर्करोग खनिज तेलाशी जोडला गेला होता. आजची शुद्ध केलेली तेले तितकी घातक नसली तरी दीर्घकाळच्या संपर्काने त्वचेची रंध्रे बंद होऊन पुरळ येणे, त्वचा कोरडी पडून भेगाळणे आणि तुषार श्वासात जाऊन दमा बळावणे हे त्रास आढळतात. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य राष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये कर्तन द्रवाच्या तुषारांसाठी दहा तासांच्या सरासरीने प्रति घन मीटर ०.४ मिग्रॅ. (श्वासनलिकेत पोहोचणारे कण) ही मर्यादा सुचवली.

वनस्पती तेलांत खनिज तेलातील बहुचक्री सुगंधी संयुगे नसतात व ती त्वचेला तुलनेने सौम्य असतात. तथापि तेल वनस्पतिजन्य असले म्हणजे संपूर्ण द्रव निरुपद्रवी असतो असे नाही. पायसातील पायसीकारके, जीवाणुनाशके व अल्कधर्मी पूरके त्वचेला त्रास देतातच, आणि द्रवात उतरलेले निकेल, क्रोमियम व कोबाल्ट यांमुळे अधिहर्षताही उद्भवू शकते. त्यामुळे हातमोजे, यंत्राभोवतीचे आवरण, हवेचे शोषण आणि कामानंतर साबणाने हात धुणे यांना पर्याय नाही. फिरत्या कार्यखंडाजवळ मात्र हातमोजे वापरत नाहीत, कारण ते अडकून गंभीर अपघात होऊ शकतो.

## पर्यावरण व विल्हेवाट

योग्य परिस्थितीत वनस्पती तेलांचा बहुतांश भाग काही आठवड्यांत जीवाणूंकडून विघटित होतो, तर खनिज तेलांचे विघटन बरेच मंद व अपुरे असते. पण विघटन होताना पाण्यातील ऑक्सिजन खर्च होतो. म्हणून वनस्पती तेल नाल्यात ओतल्यास तेथील मासे व अन्य जीव गुदमरू शकतात.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार भूपृष्ठावरील गोड्या जलप्रवाहांत सोडावयाच्या सांडपाण्यात तेल व ग्रीस यांचे प्रमाण लिटरमागे १० मिग्रॅ.हून अधिक असता कामा नये. सार्वजनिक गटारासाठी ही मर्यादा २० मिग्रॅ. आहे. ही मर्यादा तेल खनिज आहे की वनस्पतिजन्य हे पाहत नाही. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९०० ग्रॅम धरल्यास ते १० मिग्रॅ. प्रति लिटर इतके विरळ होण्यासाठी सुमारे ९०,००० लिटर पाणी लागेल, यावरून एका लहान डब्यातील तेलाचाही परिणाम लक्षात येतो.

खनिज किंवा संश्लेषित तेलांच्या वापरातून निघणारे वापरलेले तेल व तेलयुक्त अवशेष हे 'घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वहन) नियम, २०१६' यांच्या पहिल्या अनुसूचीत मोडतात. असा कचरा सामान्यतः ९० दिवसांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही व तो अधिकृत प्रक्रिया केंद्राकडेच द्यावा लागतो. वापरलेल्या वनस्पतिजन्य द्रवातही धातूचे कण, यंत्रातून गळलेले खनिज तेल व पूरके मिसळलेली असतात. त्यामुळे व्यवहारात त्यालाही तशीच काळजी लागते. जुने पायस प्रथम अम्ल किंवा तुरटीच्या साहाय्याने फोडून तेल व पाणी वेगळे करतात, तेल पुनर्प्रक्रियेस पाठवतात आणि पाण्यावर पुढील प्रक्रिया करतात.

## वसई-विरार परिसरातील महत्त्व

वसई तालुका पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण झाल्यावर तो त्यात समाविष्ट झाला. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली व २०११ च्या जनगणनेनुसार तिच्या क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. पश्चिम रेल्वेच्या पूर्वेस, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाकडे जाणाऱ्या पट्ट्यात वालीव, सातिवली, गोखिवरे, पेल्हार इत्यादी ठिकाणी औद्योगिक वसाहती आहेत. त्यांपैकी अनेक खासगी असून त्यांतील गाळ्यांत लहान अभियांत्रिकी उद्योग चालतात. लेथ, ड्रिल व मिलिंग यंत्रांवर ठोक कामाऐवजी मागणीप्रमाणे सुटे भाग बनवून देणाऱ्या अशा उद्योगांत धातू, हत्यार व काम वारंवार बदलते.

या प्रकारच्या कामात कर्तन द्रवाची निवड मोठ्या कारखान्याहून वेगळी ठरते. मोठ्या कारखान्यात एका मध्यवर्ती टाकीतून अनेक यंत्रांना द्रव पुरवला जातो व त्याची रोज तपासणी होते. लहान गाळ्यात प्रत्येक यंत्राची टाकी वेगळी असते, यंत्र काही दिवस बंद राहू शकते व जुना द्रव थोडा थोडा करून निघतो. टाकीत साठवावे लागणारे वनस्पतिजन्य पायस अशा ठिकाणी लवकर नासते, तर आटे पाडण्यासाठी थेंबाने वापरलेले निर्जल तेल किंवा अल्पतम मात्रेचे वंगण अधिक सोयीचे ठरते.

पाण्याचा दर्जाही विचारात घ्यावा लागतो. वसईच्या दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी व पश्चिमेस अरबी समुद्र असून किनाऱ्यालगतच्या भागात भूजलात खारेपणा आढळतो. कॅल्शियम व मॅग्नेशियमयुक्त कठीण पाण्यात पायसीकारकाचा साका तयार होऊन पायस फाटते, आणि क्लोराइडांमुळे कार्यखंडावर गंज चढतो. अशा वेळी कूपनलिकेच्या पाण्याऐवजी मृदू केलेले पाणी वापरल्यास तेच तेल अधिक दिवस टिकते. पावसाळ्यातील दमट हवेमुळे कापलेल्या भागांवर गंज लवकर धरतो, म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत गंजरोधक पूरकाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

रेल्वेमार्गाच्या पश्चिमेस केळी, पानवेली, भाजीपाला व फुले यांच्या वाड्या आहेत. या शेतीचा आधार विहिरी व 'बावखल' नावाची गोड्या पाण्याची पारंपरिक तळी हा आहे. बावखलांत पावसाचे पाणी साठते व भूजलाचे पुनर्भरण होते. वसईचे पाणी व हरित पट्टा यांच्या रक्षणाचा प्रश्न फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने दीर्घकाळ लोकांपुढे मांडला. खाडीच्या काठी तिवरांची वने व मिठागरे असून मासेमारीवर जगणारी कोळी वस्तीही आहे. नाल्यात सोडलेले तेलकट पाणी भरती-ओहोटीबरोबर याच भागात पसरते. म्हणून द्रवाचा प्रकार बदलण्याबरोबरच त्याचे एकूण प्रमाण घटवणे व जुना द्रव गोळा करणाऱ्या सामायिक व्यवस्थेची उपलब्धता या दोन बाबी निर्णायक ठरतात.

## खर्च

वनस्पतिजन्य एस्टरांचा प्रतिलिटर दर सामान्य खनिज कर्तन तेलाहून बराच जास्त असतो व लहान उद्योजकाला हाच मुख्य अडथळा वाटतो. परंतु एकूण खर्चात हत्यारांची झीज, द्रव बदलण्यासाठी यंत्र बंद ठेवण्याचा वेळ, भाग धुण्याचा खर्च व विल्हेवाटीचा खर्च यांचाही समावेश होतो. जर्मनीतील मोटार उद्योगाच्या अभ्यासात कर्तन द्रवाशी निगडित खर्च उत्पादनखर्चाच्या ७ ते १७ टक्के, तर हत्यारांचा खर्च केवळ २ ते ४ टक्के आढळला होता. जेथे विल्हेवाटीचा खर्च प्रत्यक्ष भरला जात नाही, तेथे महाग पण कमी लागणारे तेल हिशेबात तोट्याचे दिसते.

भारत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आयात करतो. त्यामुळे सोयाबीन किंवा सूर्यफूल तेलाचा औद्योगिक वापर वाढवण्यावर आक्षेप घेतला जातो व एरंड, करंज, कडुनिंब यांसारख्या अखाद्य तेलांकडे संशोधनाचा कल दिसतो.

## भारतातील संशोधन

वेल्लूर येथील एम. अँथनी झेवियर व एम. अदिथन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३०४ प्रतीचे स्टेनलेस स्टील कार्बाइड हत्याराने कातताना खोबरेल तेल, पायस व निर्जल कर्तन तेल यांची तुलना केली. हत्याराची झीज व पृष्ठभागाचा खडबडीतपणा या दोन्ही बाबतींत खोबरेल तेलाचे निष्कर्ष सर्वांत चांगले आले. २०१० मध्ये पी. वंशी कृष्ण व सहकाऱ्यांनी खोबरेल तेलात बोरिक अम्लाचे अतिसूक्ष्म कण मिसळून १०४० प्रतीच्या पोलादावर प्रयोग केले. या कणांची रचना पापुद्र्यांची असल्याने ते एकमेकांवरून सरकतात व घर्षण घटवतात.

प्रयोगशाळेतील असे निष्कर्ष ठराविक धातू, वेग व हत्यार यांपुरते असतात. प्रयोग सहसा ताज्या तेलावर व थोड्या वेळासाठी केले जातात, तर कारखान्यात तेच तेल महिनोन्महिने वापरले जाते. म्हणून एखाद्या तेलाची निवड करताना कर्तनचाचणीच्या जोडीने ऑक्सिडीकरण, गंजरोध व जीवाणुवाढ यांच्या चाचण्याही आवश्यक मानल्या जातात. बिडाच्या किसावर पायस टाकून गाळणकागदावर गंजाचे डाग पडतात का हे पाहण्याची सोपी चाचणी कोणत्याही लहान यंत्रशाळेत करता येते.

## हे सुद्धा पहा

* वंगण
* लेथ
* एरंड
* करंज
* बावखल
* वसई-विरार शहर महानगरपालिका